पांढऱ्या कावळ्याचा दाखला

सुवर्णाच्या मुलीला, मंजुषाला, जुळं झालं, त्या सालची ही गोष्ट. दोन्ही मुलीच झाल्या, आणि दोघींची नावं काय ठेवायची यावरून बोथ ते गुडीहत्नूर सारखे फोन चालू होते. अशा गडबडीत, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, केशवरावांची आई जयवंताबाई जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. शहाऐंशी वर्षांची होती. म्हातारीनं जाताना कुणाला त्रास दिला नाही, असं जो तो म्हणाला. त्रास नंतर झाला, आणि तो एका कावळ्यानं दिला.

केशवरावांचं तेलंगणातल्या बोथच्या बाजारात दोर-दाव्यांचं दुकान. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले, आणि घुंगरमाळा आता लोक ट्रॅक्टरच्या नाकाडावरच बांधायला नेतात. तरी बाजारात केशवरावांना मान होता. त्या मानाचा अर्धा भाग त्यांच्या मिशीत होता. बासष्टाव्या वर्षीही ती भरघोस होती, आणि डोक्यावरचे केसही जागच्या जागी होते. आईच्या दहाव्याला न्हाव्यानं दोन्ही उतरवलं. मिशी गेल्यावर माणसाचा आवाजसुद्धा बारीक निघतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आता कावळ्याचं सांगतो. घरामागच्या बारीत, म्हणजे परसात, दोन लिंबोण्या, एक शेवगा आणि भिंतीवर दोडक्याचा वेल. दोन वर्षांपूर्वी त्या शेवग्यावर एक पांढरं पाखरू येऊन बसायला लागलं. अगदी शुभ्र नव्हे, पुष्कळदा धुतलेल्या धोतरासारखं. एका पंखात दोन पिसं करडी, चोच काळी, पाय काळे, डोळे काळे. कुणी म्हणालं बगळा, कुणी म्हणालं कबुतर. केशवरावांचे शेजारी देवानंद, सरकारी बसच्या नोकरीतून रिटायर झालेले कंडक्टर, छातीवर हात ठेवून म्हणाले, की हा परदेशातला पोपट आहे आणि विमानातून निसटलेला आहे. एकट्या जयवंताबाई म्हणाल्या, "कावळाच हाय तो. मले काय दिसत नाई?" त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं, म्हणून त्यांच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्या रोज सकाळी त्याला ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा टाकत. बाकीचे कावळे त्याला टोचून हाकलायचे, तेव्हा म्हातारी काठी घेऊन त्यांच्यावर धावून जायची. त्याचं नाव तिनं 'म्हातारा' ठेवलं होतं. हळूहळू पाखरानं तोंड उघडलं, आणि त्यातून कावळ्याचाच आवाज निघाला. विमानातल्या पोपटाबद्दल देवानंद पुढं काही बोलले नाहीत.

दहाव्याचा विधी नाल्याच्या काठी होता. पिंड ठेवला, सगळे मागं सरकले, आणि समोरच्या बाभळीवर वीस-पंचवीस कावळे बसून नुसतेच बघत राहिले. एक खाली येईना. म्हणजे म्हातारीचा जीव कशात तरी अडकला. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन कबुली देऊ लागला. केशवरावांची बहीण सुवर्णा म्हणाली, "माय, तुया पाटल्या मी कोणाले देणार नाई, पोरींसाठी ठेवीन." कावळे हलले नाहीत. केशवरावांची बायको भागाबाई म्हणाली, "आत्याबाई, तुळशीपुढचा दिवा चुकू देणार नाई." एका कावळ्यानं पंख खाजवले, बस्स. देवानंद घरचे नव्हते, तरी तेही पुढं झाले आणि म्हणाले, "काकू, केशवरावची काळजी सोडा, मी हाय." त्यावर दोन कावळे उडूनच गेले.

केशवराव पुढं झाले नाहीत. आईचं काय राहिलं होतं, हे सगळ्या काठावर त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

निर्मळच्या बाजूच्या मुधोळला जयवंताबाईंचे धाकटे भाऊ होते, दौलतराव. अकरा वर्षांपूर्वी केशवरावांच्या मुलाचं लग्न निघालं. छापखान्यातून पत्रिका आली, तीत सगळ्यांची नावं होती, गल्लीतल्या दोन पोरांचीसुद्धा होती, दौलतमामांचं तेवढं नव्हतं. मामा लग्नाला आले नाहीत, नंतरही आले नाहीत. बहिणीशी बोलणं बंद. केशवराव दोनदा माफी मागायला गेले, तर मामांनी पत्रिका पुढं केली आणि म्हणाले, "दाखव माह नाव." आता शेवटच्या महिन्यात जयवंताबाई म्हणत होत्या, "केशव, मले एकडाव मुधोळले ने." केशवराव म्हणायचे, "बाजार होऊ दे, मंग जाऊ." बाजार झाला की माल यायचा, माल आला की लावायचा, लावून होईस्तोवर पुन्हा बाजार. असं चार वेळा झालं.

हे चार लोकांत कसं बोलायचं? आणि आता बोलून तरी काय कबूल करायचं? मामांना कळवलं होतं, पण ते आले नव्हते. केशवरावांनी मनातल्या मनात फक्त 'माय, चुकलं' एवढंच म्हटलं.

तेवढ्यात गावाच्या बाजूनं पांढरं काही तरी आलं, सरळ पिंडावर उतरलं आणि खाऊ लागलं. म्हातारा! कावळा खातो तरी किती, दोन चोची. पण ह्यानं घरच्यासारखं बसून सगळा पिंड संपवला आणि चोच गवताला पुसली. बायका रडल्या, माणसांनी हात जोडले. केशवरावांच्या छातीवरचं दहा दिवसांचं ओझं उतरलं. ते पंधरा मिनिटं उतरलेलंच राहिलं.

सोळाव्या मिनिटाला नाल्यावर एक ऑटो येऊन थांबला आणि त्यातून दौलतमामा उतरले. ऐंशी वर्षं वय, पांढरा फेटा, काखेत पिशवी. धापा टाकत आले आणि विचारलं, "शिवला काय कावळा?"

"शिवला, शिवला!" सगळे एकदम म्हणाले.

मामांचा चेहरा कसनुसा झाला. ते थोडा वेळ रिकाम्या पत्रावळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कोणता?"

देवानंदांनी बोट दाखवलं. म्हातारा बाभळीच्या खालच्या फांदीवर बसून पोट हलकं करत होता.

"हा?" मामा म्हणाले. "हा पांढरा हाय. पांढरा कावळा रायते काय कुठी? काहीबी येऊन खाल्लं तर तुमी शिवला मनता? उद्या बकरी खाईन!"

भटजी म्हणाले, शंका असेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू, तशी सोय आहे. दर्भ होता, गाठ मारून कावळाही झाला, पण लावायला पिंड कुठं होता? पत्रावळ चाटूनपुसून स्वच्छ. भटजींनी दर्भाचा कावळा पिशवीत ठेवला आणि दुसरं काम आहे म्हणून निघाले.

केशवरावांच्या घरची रीत अशी, की आईच्या तेरवीला मामानं थोरल्या भाच्याच्या डोक्याला दुपट्टा बांधायचा. त्याशिवाय तो घरचा कर्ता होत नाही आणि तेरवीचं पहिलं पान वाढत नाहीत. दौलतमामा ओसरीवरच्या बाजेवर बसले, पिशवी उशाला घेतली आणि म्हणाले, "माह्या बहिणीचा जीव आडकला हाय. तो कावळा होता असं सिद्ध कर, तवाच दुपट्टा बांधतो. तवरक मी ह्या घरचं जेवणार नाई. च्या चालते. केळं चालते."

"मामा, सिद्ध कसं करू?"

"कागद आण. सरकारी. तोंडी तर अकरा वर्षं आयकून राह्यलो."

आता कुणी म्हणेल, रुसलेल्या मामाचं काय मनावर घ्यायचं. पण गाव तसं म्हणत नव्हतं. संध्याकाळपर्यंत किराणा दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकच बोलणं होतं, की केशवरावाच्या मायला कावळा शिवला नाही, बगळा शिवला. आणि केशवराव स्वतः? त्यांनाच रात्री वाटायला लागलं, की मामा म्हणतात ते खरं असलं तर? आई अजून तिथंच बाभळीखाली बसलेली असली तर, मुधोळच्या गाडीची वाट बघत?

अकराव्या दिवशी सकाळी ते निघाले. डोकं गुळगुळीत, मिशी नाही, अंगावर पांढरा पंचा. पहिल्यांदा दाखल्यांचे अर्ज भरायच्या सेंटरवर गेले. तिथं भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसते. तेलुगू घरची, पण बाजारात वाढलेली, मराठी चांगलं बोलते.

"अंकल, तिरुपतीहून कधी आले?" ती म्हणाली. "लाडू?"

"तिरुपती नाई बाई. माय वारली."

"अय्यो. सॉरी अंकल. मंग डेथ सर्टिफिकेट पायजे?"

"नाई. कावळ्याचं पायजे."

"कावळ्याचं डेथ सर्टिफिकेट?"

केशवरावांनी खुर्ची ओढून सगळं सांगितलं. मागची रांग पुढं सरकून ऐकायला लागली. भाग्यलक्ष्मीनं कॉम्प्युटरमधे खालीवर बघितलं. "लिस्टीत जातीचा हाय, उत्पन्नाचा हाय, राहिवाशी हाय. कावळ्याचा नाई."

"ह्यातला जवळचा कोणता?"

"राहिवाशी करून पाहू. किती सालापासून ऱ्हाते तो इथं?"

"दोन."

"पाच लागते. आधार?"

रांगेतला एक जण म्हणाला, "बोटाचे ठसे घ्यायले पायाला बोटं हायेत त्याच्या." सगळे हसले. केशवरावांनी सवयीनं मिशीवर हात फिरवला, आणि तिथं काही नव्हतं. मिशी असती तर तो माणूस बोलला नसता, अशी त्यांची अजून खात्री आहे. भाग्यलक्ष्मीनं मात्र हसू दाबून एक चांगली गोष्ट सांगितली, की पाखराचं काम असेल तर फॉरेस्टच्या कचेरीत जा.

फॉरेस्टच्या कचेरीत एक साहेब होते, हिंदीत बोलणारे. त्यांनी आधी टकलाकडं बघितलं आणि हात जोडले. "तिरुपती से आए? परसाद नहीं लाए?"

केशवराव आता थकले होते. उन्हातून अनवाणी आले होते, सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं, आणि माय वारली हे दर दहा मिनिटांनी सांगायचं म्हणजे ती दर दहा मिनिटांनी पुन्हा वारत होती. ते उठून बाहेर गेले, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून किलोभर बुंदीचे लाडू घेतले आणि आणून टेबलावर ठेवले. साहेबांनी लाडू डोळ्यांना लावला, शिपायाला दिला, शेजारच्या कचेरीत पाठवला. सुतकात देवाच्या नावाचा खोटा प्रसाद वाटला म्हणून केशवराव मनातून फार ओशाळले. पण काम मात्र लगेच सुरू झालं, हेही नाकारता येत नाही.

"कव्वे का रेकॉर्ड हम नहीं रखते," साहेब म्हणाले. "शेर का है, भालू का है, मोर का है. लेकिन ये बताओ, आप को कैसे मालूम कि सफेद है?"

"रोज आता है साब. माय रोटी डालती थी."

"रोज डालती थी?" साहेबांनी लाडू खाली ठेवला. "मतलब पाला है. जंगली परिंदा पालना जुर्म है, मालूम?"

"पाला नहीं साब, आता है."

"खाना तुम्हारा, पेड़ तुम्हारा, नाम भी रखा है. क्या नाम?"

"म्हातारा," केशवराव म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांना कळलं की हे सांगायला नको होतं.

अर्धा तास समजावणं झालं. शेवटी लाडवाला स्मरून साहेब नरम आले. म्हणाले, एक मुचलका लिहून द्या, मी शिक्का मारतो, मग तुम्हांला कोणी काही करणार नाही. कागद तेलुगूत टाइप झाला. केशवराव मराठी शाळेत शिकलेले. तेलुगू फाडफाड बोलतात, पण लिहिलेलं समोर आलं की ते त्यांना जिलब्यांच्या ताटासारखं दिसतं. त्यांनी बघितलं ते एवढंच, की खाली गोल शिक्का आहे, निळा, ठसठशीत. दस्तखत केलं, एक प्रत घेतली, उरलेले लाडू घेतले आणि जिंकल्यासारखे घरी आले.

"हा घ्या सरकारी कागद," ते मामांना म्हणाले.

मामांनी कागद उलटासुलटा केला आणि देवानंदांच्या हातात दिला. देवानंदांची सगळी नोकरी निर्मळ-आदिलाबाद रस्त्यावर तेलुगू पाट्या वाचण्यात गेलेली. त्यांनी चष्मा लावला आणि तिकिटं विचारायच्या आवाजात वाचलं, "मी खाली सही करणार लिवून देतो की सदर पांढऱ्या पक्ष्याशी माहा किंवा माह्या घरच्या कोण्याबी माणसाचा, हयात किंवा मयत, काईबी संबंध नाई, नवता, आन पुढंबी रायणार नाई."

मामा म्हणाले, "आयकलं? हयात किंवा मयत. शिक्का हाय. तूच लिवून देल्लं केशव्या, की तुया मायचा त्याच्याशी संबंध नाई."

भागाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "अवो, सही कराच्या आंधी कोणाले वाचाले तर लावाव. पत्रिकेच्या वक्ताले बी असंच केलं तुमी."

हे खरं होतं. म्हणूनच केशवरावांना ते फार लागलं. त्यांनी लाडवांची पिशवी फळीवर ठेवली आणि बारीत जाऊन लिंबोणीकडं तोंड करून बसले.

देवानंद त्यांच्या मागोमाग गेले. ह्या माणसाकडं कुठल्याही अडचणीवर तोडगा असतो, आणि पहिला तोडगा फसेपर्यंत त्याच्याजवळ दुसरा तयार होतो. "केशवराव, मी काय मनतो, पकडू त्याले. टोपली लावू, काळी मेंदी लावू, अन् मामाच्या पुढ्यात सोडू. मी नाई काय लावत? कोणाले समजते?" केशवरावांनी देवानंदांच्या डोक्याकडं बघितलं. कानशिलावर मेंदी उतरून तांबडा पट्टा दिसत होता. ते म्हणाले, "राहू द्या. सगळ्यायले समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरची पिशवी हलकी लागली. सहा लाडू होते, त्यांतले दोन उरले. "मुंग्यायनं नेले आसन," बाजेवरून मामा म्हणाले. त्यांच्या मिशीत बुंदीचा एक दाणा होता. भागाबाईनं तो बघितला आणि मुकाट्यानं फळीखाली मुंग्यांसाठी हळद टाकली.

बाराव्या दिवशी भाग्यलक्ष्मीचाच फोन आला. तिच्या कॉलेजात रश्मी मॅडम होत्या, जीवशास्त्र शिकवायच्या, आणि पांढऱ्या पाखराचं ऐकून त्यांना स्वतःलाच यायचं होतं. त्या दुपारी आल्या, खांद्याला कॅमेरा. टकलाकडं बघितलं, पण तिरुपतीचं विचारलं नाही. केशवरावांना त्या तिथंच आवडल्या.

मॅडमनी नीट चौकशी केली. डोळे लाल की काळे? काळे. चोच? काळी. आवाज? कावळ्याचा. मग त्या मामांच्या बाजेजवळ बसून म्हणाल्या, "आजोबा, पिसाला काळा रंग आतून येतो. ह्याच्या पिसांत तो जन्मापासून पोचलाच नाही. चिमणीत होतं असं, बुलबुलात होतं, साळुंकीत होतं. रंग गेला म्हणून जात बदलत नाही. तो कावळाच असणार."

"आजार हाय काय?"

"आजार नाही. वेगळा दिसतो, एवढंच. म्हणून बाकीचे त्याला जवळ येऊ देत नाहीत. टोचतात."

"मंग तो एकटाच रायते?" मामांनी विचारलं.

"बहुतेक," मॅडम म्हणाल्या.

"लिवून द्या," केशवराव मधेच म्हणाले. पण मॅडम कामाच्या चोख. बघितल्याशिवाय कशी सही करू, म्हणाल्या. म्हणून सगळे बारीत जाऊन बसले. एक तास, दोन तास. म्हातारा आला नाही. बारीत गल्लीतली तीस माणसं चपला काढून दाटीनं बसली होती, तिथं कुठलं पाखरू येणार? भागाबाईनं उद्याच्या वड्यांच्या पिठातला नमुन्याचा एक घाणा तळून भिंतीवर ठेवला. तरी नाही. तेव्हा देवानंद उठले, म्हणाले, "मले येते बोलावता," तोंडाभोवती हात धरले आणि ओरडले.

त्यांचा आवाज खरंच चांगला निघाला. इतका, की बोथातले झाडून सगळे काळे कावळे आले. भिंतीवर, शेवग्यावर, पत्र्यावर, विजेच्या तारेवर. वडे पहिल्या फेरीत संपले. लिंबोणीखाली वाळत घातलेल्या सांडग्यांचा दुसऱ्या फेरीत निकाल लागला. आणि तिसऱ्या फेरीत एका कावळ्यानं, खाण्यासारखं आणखी काय आहे हे बघताना, केशवरावांच्या नव्या टकलावर बरोबर मधोमध चोच मारली.

हळद भरली, रक्त थांबलं. मॅडमनी जाताना कागदावर लिहिलं, ते त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं: 'वर्णनावरून सदर पक्षी कावळा असावा. मी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही.'

"मंग मीबी हेच मनतो," मामा म्हणाले.

तेराव्या दिवशी केशवराव उजाडता उजाडता उठले. डोकं ठणकत होतं. अंगणात आचाऱ्याचं सामान येऊन पडलं होतं, दोनशे माणसांना सांगणं गेलेलं, आणि पहिलं पान वाढता येणार की नाही ते माहीत नव्हतं. चुलीजवळ रात्रीची अर्धी भाकर झाकलेली होती. ती बघितल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आई गेल्यापासून म्हाताऱ्याला कुणी भाकर टाकलेली नाही. तेरा दिवस. कागदासाठी त्याच्यामागं सगळं गाव धावलं, पण भाकर कुणाच्या लक्षात नव्हती. त्यांनी पापुद्रा काढला आणि बारीत गेले.

शेवग्याखाली दौलतमामा उकिडवे बसले होते. फेटा नव्हता. हातात लाडवाचा तुकडा होता, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर म्हातारा भुईवर उभा राहून मान वाकडी करून बघत होता. मामांनी तुकडा टाकला. म्हाताऱ्यानं उचलला, भिंतीवर गेला, खाल्ला आणि ओरडला. अगदी कावळ्यासारखा.

"कावळाच हाय," मागं न बघता मामा म्हणाले.

केशवरावांनी हातातला पापुद्रा त्याच्यापुढं टाकला.

"मले तवाच समजलं होतं, नाल्यावर. आवाज आयकला होता म्या." मामांनी बोटं धोतराला पुसली. "मी फेट्याखाली पत्रिका घेऊन आलो होतो, केशव्या. पिंडापुढं फाडून टाकाची होती. अक्का, मनणार होतो, झालं गेलं. मले वाटलं, माह्यासाठीच थांबला आसन कावळा. माह्यासाठीच. अन् येऊन पाह्यतो त खाऊन मोकळा. चोचबी पुसली. मंजे तिचं काई आडकलंच नवतं. माही वाट पाह्यलीच नाई तिनं."

केशवरावांच्या लक्षात आलं, की आता गप्प राहिलं तर सगळं सुरळीत होईल. मामांनी कावळा मान्य केला होता. दुपट्टा मिळणार होता, पहिलं पान वाढलं जाणार होतं, आणि ते चार बाजार कुणाला कधी कळले नसते. डोक्यावरची जखम ठसठसली. ते मामांशेजारी खाली बसले.

"पाह्यली मामा," ते म्हणाले. "मले मनत होती, मुधोळले ने. म्या नेलं नाई."

मामांनी मान वळवली. "कवा?"

"शेवटच्या महिन्यात. म्या मनलं, बाजार होऊ दे."

"एकडाव मनली?"

"चारदा."

"चारदा?" मामांनी केशवरावांचा दंड पकडला. ऐंशी वर्षांच्या माणसाची पकड, पण हाड दुखलं. आता आपल्याला मारणार असं केशवरावांना वाटलं, आणि मारलं तर बरंच होईल, असंही वाटलं. "नाव घेऊन मनली? का नुसतं मुधोळ?"

"नाव घेऊन. दौल्याले पाहाचं हाय मनली. दौल्यानं आता दात बसवले मनते, कसा दिसते पाहाचं हाय."

मामांनी दंड सोडला. तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते रडतात की हसतात हे केशवरावांना बराच वेळ कळलं नाही. मग मामांनी हात काढला. दात नवे होते, पांढरे, तोंडाला थोडे मोठे. "चांगले नाई बसले," मामा म्हणाले. "केळंच खाता येते. लाडू भिजवून खा लागते."

"मामा, चुकलं माह."

"चुकलंच. बैलाच्या वेसणी इकता इकता सवताच बैल झाला तू." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चाल. दुपट्टा आण. लोकं येतीन."

दुपट्टा बांधताना मामांनी तो इतका आवळला, की चोचीच्या जखमेवर बरोबर गाठ आली आणि केशवरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायका म्हणाल्या, आईची आठवण आली. मामांनी पहिल्या पानावर बसून सात वडे ताकात भिजवून खाल्ले. देवानंद पंगतीत सगळ्यांना सांगत होते, की हे प्रकरण त्यांनीच मिटवलं. जाताना मामांनी ती पत्रिका केशवरावांच्या हातात दिली. एका कोपऱ्यात पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात, त्यांनी स्वतःच आपलं नाव लिहून घेतलं होतं. कधी लिहिलं होतं कोण जाणे, पेन्सिल पुसट झालेली होती.

महिन्याभरानं फॉरेस्टची दोन माणसं मुचलक्याची तपासणी करायला आली. भिंतीवर म्हातारा बसलेला, आणि केशवरावांच्या हातात भाकर. "संबंध नाही असं लिहून दिलं होतं ना?" त्यांनी विचारलं. केशवरावांची मिशी तोवर अर्धी आली होती, पण आवाज पूर्ण आला होता. "नाईच," ते म्हणाले. "भाकर माही हाय. खाणं त्याचं तो पाह्यते." त्या माणसांनी लिहून घेतलं आणि ती गेली.

पुढं मुधोळच्या दहाव्याला केशवराव गेले, बाजाराच्या दिवशी, दुकान बंद ठेवून. पिंड ठेवला आणि काळा कावळा लगेच खाली आला. त्याला कुणी दाखला मागितला नाही.

जयवंताबाई मार्गशीर्षात वारल्या. त्यांचे धाकटे भाऊ दौलतराव त्याच साली, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, मुधोळला वारले.